झुंबराचा हिशोब : पितळ, लोलक आणि आपली मजुरी



आज आपण झुंबरावर बोलणार आहोत. झुंबर म्हटलं की राजवाडा डोळ्यांसमोर येतो. मग वाटतं, आपल्या बचत गटाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. तलासरीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची हॉटेलं, बोर्डीच्या किनाऱ्यालगतची रिसॉर्टं, घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या, या सगळ्यांना छताला टांगायचे शोभेचे दिवे लागतात. देशात पितळेच्या कामासाठी मुरादाबाद आणि काचेच्या कामासाठी फिरोजाबाद ही नावाजलेली शहरं. दोन्ही उत्तर प्रदेशात. पण सुटे भाग जोडायचं, लोलक ओवायचं, सांगाडा विणायचं काम शेवटी हातानेच होतं, आणि ते आपल्या ओट्यावर होऊ शकतं. असं काम अंगावर घेण्याआधी झुंबर चमकतं कशाने, पडतं कशाने, त्यातून धोका काय, आणि ते कितीला विकायचं, हे एकदा नीट समजून घेऊ.

लामणदिव्यापासून सुरुवात

टांगता दिवा आपल्याला नवा नाही. देवळात, देवघरात साखळीला टांगलेला पितळी लामणदिवा आपण बघत आलो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांनी घरोघर, गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याला गेलात तर ते दिवे जरूर बघा. दिव्याची रचना कशी विचारपूर्वक करतात, हे तिथे कळतं.

लामणदिवाच घ्या. साखळी लांब असते, म्हणजे वात हाताच्या टप्प्यात राहते आणि छताला काजळी धरत नाही. तेलाच्या वाटीचा तळ जड असतो, म्हणजे दिवा वाऱ्याने कलंडत नाही. नक्षी असते, पण ती वातीच्या आड येत नाही. थोडक्यात, आधी उजेड, मग तोल, मग शोभा. आजच्या विजेच्या झुंबरालाही हाच क्रम लागू पडतो. आपल्या भागातल्या पारशी-इराणी मंडळींत काचेच्या हंड्या टांगायची रीत आहे. त्यातही हेच दिसतं. काच उजेडाभोवती असते, पितळ वजन पेलतं.

पितळ काय करतं

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. साधारण ६० ते ७० टक्के तांबं, बाकी जस्त. जस्त वाढलं की रंग फिका आणि धातू कडक होतो. तांबं वाढलं की रंग लालसर आणि धातू मऊ होतो. दिव्यासाठी पितळ तीन प्रकारे वापरतात. जाड भाग ओतून करतात, हे ओताऱ्याचं काम. पातळ वाट्या, पानं, फुलं पत्रा दाबून करतात. आणि हात, दांडे नळीचे असतात, कारण त्यातून वायर न्यायची असते.

पत्रा दाबायला पोलादी ठसा लागतो. त्याला आपण डाय म्हणतो. डहाणू तालुक्यातलं चिंचणी हे दागिन्यांच्या डायसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. सोनाराला लागणारं बारीक पान-फूल पोलादात उलटं कोरायचं, म्हणजे पत्र्यावर ते सुलटं उमटतं. ज्या हातांना नथीचं फूल कोरता येतं, त्यांना झुंबराचं पानही कोरता येईल. तुमच्या गटाच्या दिव्यावर एखादं खास पान हवं असेल, तर मुरादाबादच्या तयार नमुन्यांतून निवडायच्या आधी चिंचणीला विचारून बघा.

एक काम मात्र घरी करायचं नाही. ते म्हणजे धातूवर मुलामा चढवणं. त्यात तेजाब आणि विषारी रसायनं लागतात. त्यांचं पाणी विहिरीत, ओढ्यात उतरतं. डहाणू तालुका १९९१ पासून केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आहे. इथे प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर बंधनं आहेत, आणि ती आपल्या चिकूच्या, भाताच्या, मासळीच्या भल्यासाठीच आहेत. मुलामा दिलेला भाग तयार आणा. आपलं काम जोडणीचं.

दुसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. डहाणू, चिंचणी, बोर्डीला समुद्राच्या हवेत उघडं पितळ लवकर काळवंडतं. म्हणून पितळेवर लॅकरचा पारदर्शक थर देतात. असा थर असलेलं पितळ कधीही चिंचेने किंवा राखेने घासायचं नाही. थर ओरखडतो आणि मग डाग पडतात. नुसतं मऊ कोरडं फडकं फिरवायचं. गिऱ्हाइकाला हे एका कागदावर लिहून द्या, नाहीतर तीन महिन्यांनी तक्रार तुमच्याकडे येईल. जोडणी करतानाही हातात सुती मोजे घाला. घामाच्या बोटांचे ठसे पितळेवर उमटून राहतात. स्क्रू लोखंडी नकोत, ते गंजतात आणि खाली लाल ओघळ येतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या.

लोलक कशाने चमकतात

पहाटे भाताच्या पात्यावर दव असतं. ऊन आलं की थेंबात लाल, निळा, पिवळा असे रंग चमकतात. आपण मान हलवली की रंग बदलतो. लोलकात हेच घडतं. उजेड काचेत शिरताना वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो, म्हणून रंग सुटे होतात. लोलकाला जितके स्वच्छ आणि धारदार पैलू, तितके उजेडाचे तुकडे.

साधी काच आणि क्रिस्टल यांत फरक हा की क्रिस्टलच्या काचेत शिसं मिसळलेलं असे. इंग्लंडमध्ये १६७४ साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने शिशाच्या काचेची सनद घेतली. शिशाने काच जड होते, उजेड जास्त वाकवते आणि पैलू पाडायला सोपी जाते. युरोपात २४ टक्के शिशाची भस्म असेल तरच तिला शिशाचं क्रिस्टल म्हणतात. आता शिसं न घालताही चांगलं क्रिस्टल बनतं. खरेदी करताना तसंच मागा. शिसं असलेला लोलक हाताळल्याने लगेच काही होत नाही, पण तो घासला किंवा त्याला भोक पाडलं तर उडणारी पूड छातीत जाते. लहान मुलं तर मणी तोंडात घालतात. म्हणून भोकं पाडलेले तयार लोलकच आणायचे, ओवताना मुलांना लांब ठेवायचं आणि काम झालं की जेवणाआधी हात धुवायचे.

लोलकांची झळाळी बल्बवरही अवलंबून असते. खूप गट महागाचे लोलक आणतात आणि आत दुधी रंगाचा बल्ब लावतात. मग झुंबर नुसतं पांढरं दिसतं, चमकत नाही. लोलकाला चमकायला लहान, टोकदार उजेड लागतो. काच पारदर्शक आणि आत तारेसारखी बारीक पट्टी असलेला एलईडी बल्ब लावून बघा, फरक लगेच दिसेल. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे पांढरा. पितळ पिवळसर उजेडात उबदार, सोन्यासारखं दिसतं. पांढऱ्या उजेडात तेच फिकं वाटतं.

जुना तारेचा बल्ब मात्र वापरू नका. त्यात जाणाऱ्या विजेपैकी ९० टक्क्यांहून जास्त विजेची उष्णता होते. बांबू, कापड, कागद यांच्याजवळ तो ठेवणं म्हणजे घरात निखारा ठेवणं.

आकार आणि मोजमाप

दिवे बसवणारे एक ठोकताळा वापरतात. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, दोन्ही आकडे मिळवा, तितके इंच झुंबराचा व्यास. खोली १० बाय १२ फूट असेल तर २२ इंच. दिव्याचा खालचा टोक जमिनीपासून निदान ७ फूट वर हवं, म्हणजे उंच माणसाचं डोकं लागणार नाही. जेवणाच्या टेबलावर टांगायचा असेल तर टेबलापासून अडीच ते तीन फूट वर.

आता लोलकांचा हिशोब करू. समजा, तुमच्याकडे १२ इंच व्यासाची पितळी कडी आहे. घेर काढायला व्यासाला ३.१४ ने गुणायचं, म्हणजे साधारण ३७.७ इंच. दर दीड इंचावर एक सर टांगली तर २५ सरी होतात. पण २४ घ्या. २४ ला दोनने, तीनने, चारने, सहाने भाग जातो, म्हणून खुणा करणं सोपं. आधी समोरासमोर चार खुणा, मग प्रत्येक भागात सहा. एका सरीत ८ लोलक धरले तर १९२ लोलक लागतील. २०० मागवा, काही फुटतात.

वजनही आधीच काढा. दहा लोलक किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. समजा २० ग्रॅम भरले, तर १९२ लोलकांचे ३८४ ग्रॅम. त्यात कडी, साखळी, होल्डर यांचं वजन मिळवा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पडू नये म्हणून

ग्वाल्हेरला शिंद्यांचा जयविलास महाल आहे. १८७४ साली बांधलेला. शिंदे घराणं आपलंच, मराठी. त्या महालाच्या दरबारात दोन प्रचंड झुंबरं आहेत, प्रत्येकाचं वजन साधारण साडेतीन टन. ती टांगण्याआधी छत भार पेलतं का हे बघायला छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. गोष्ट खरी असो की रंगवलेली, त्यातला धडा खरा आहे. आधी छताची परीक्षा, मग झुंबर.

आपल्याला हत्ती नको, वाळूची पिशवी पुरे. टांगत्या दिव्यांच्या मानकात अशी चाचणी आहे की दिव्याच्या चौपट वजन त्याच्या टांगणीला एक तास लावून बघायचं. तुमचं झुंबर दीड किलोचं असेल तर सहा किलो वाळू साखळीला आणि कडीला टांगा. साखळीची एकही कडी उघडली, वाकली, तर ती साखळी बाद. प्रत्येक झुंबराची चाचणी झाली की वहीत तारीख आणि सही करा.

गिऱ्हाइकाला सांगा, झुंबर स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला टांगा. कौलारू घरात तुळईला टांगा. पीओपीच्या खोट्या छताला कधीही टांगू नका. आणि भार नेहमी साखळीने पेलायचा, वायरने नाही. वायर साखळीच्या कड्यांतून थोडी सैल ओवायची.

शॉक लागू नये म्हणून

पितळ धातू आहे. आत कुठे वायरचं आवरण कापलं गेलं, तर सबंध झुंबरात वीज उतरते, आणि शिडीवर चढून लोलक पुसणाऱ्या बाईला शॉक बसतो. म्हणून पितळी सांगाड्याला अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूने घट्ट जोडलेली असलीच पाहिजे. जिथून वायर नळीत शिरते तिथली कड घासून गुळगुळीत करा आणि रबराची बोळी बसवा, कारण आवरण तिथेच कापलं जातं. घरात ३० मिलिअँपिअरला बंद होणारा सुरक्षा स्विच असेल तर वीज गळताच तो खटका पाडतो.

बल्बची आणि वायरची जोडणी वायरमनचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. शिवाय विजेच्या काही वस्तू विकायला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, एलईडीचे दिवे त्यात येतात. नव्या गटाने वीज नसलेली वस्तू विकावी हे उत्तम. म्हणजे सांगाडा, सरी, शेड तुमची आणि होल्डर-बल्ब गिऱ्हाइकाच्या वायरमनचा. पुढे काम वाढलं तर पालघरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नोंदणीची माहिती घ्या.

आपल्या भागाची ओळख

नुसतं पितळ आणि लोलक कुठेही मिळतात. डहाणू-तलासरीचं झुंबर वेगळं कसं दिसेल? बांबू आहे. बारीक कामट्यांचा घेर आणि त्याला खालून पितळी कडी, हे हलकंही होतं आणि स्वस्तही. फक्त बांबूला भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवून, सावलीत वाळवूनच वापरा.

आणि वारली चित्र आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण मुळात लग्नाचा चौक काढायचं काम सवाशिणींचं, बायांचं. दिव्याच्या शेडवर ही चित्रं काढताना एक गंमत होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्याने काढलेली माणसं दिवसा छान दिसतात. रात्री आतून दिवा लावला की पांढरा रंग उजेड अडवतो आणि तीच माणसं काळी दिसतात. म्हणून शेड नेहमी दिवा लावून आणि विझवून, दोन्ही वेळा बघा. दुसरा मार्ग म्हणजे पितळी पत्र्याला माणसांच्या आकाराची भोकं पाडणं. मग रात्री उजेडाची माणसं भिंतीवर नाचतात. तारप्याचा नाच गोलात असतो, तो गोल शेडभोवती अगदी नीट बसतो.

लग्नचौक आणि त्यातली पालघाट देवी दिव्यावर घ्यावी का, हे तुमच्या पाड्यातल्या जुन्या जाणत्या बायांना विचारून ठरवा. पूजेचं चित्र हॉटेलच्या छताला टांगायचं की नाही, हे गिऱ्हाईक ठरवणार नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ही कला कोणाची हे कायद्यानेही मान्य झालेलं आहे.

मजुरी धरा

आता पैशाचं बोलू. एक उदाहरण घेऊ, आकडे तुम्ही तुमचे घाला. सामान १,४०० रुपये. दोघी बाया सहा-सहा तास बसल्या, म्हणजे १२ तास. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ७२० रुपये. फूटतूट ७० रुपये. पेटी, भुसा, गाडीभाडं १५० रुपये. एकूण २,३४० रुपये. त्यावर गटाच्या फंडासाठी १५ टक्के, म्हणजे ३५१ रुपये. झुंबराची किंमत २,६९१, म्हणजे सरळ २,७०० रुपये.

व्यापारी येतो आणि म्हणतो, "ताई, १,८०० ला द्या, दहा घेतो." दहा ऐकलं की मन विरघळतं. पण वही उघडा. सामान, फूटतूट आणि वाहतूक मिळून १,६२० रुपये तर रोख गेलेच. उरले १८० रुपये. ते दोघींच्या बारा तासांचे. म्हणजे तासाला १५ रुपये, आणि गटाच्या फंडात शून्य. दहा झुंबरं केली तर एकशेवीस तास या भावाने काम होईल. सामानाचा भाव दुकानदार ठरवतो, गाडीचं भाडं गाडीवाला ठरवतो, कमी होते ती फक्त आपली मजुरी, कारण तिचा आकडा आपण लिहिलेलाच नसतो.

ताईंनो, तलासरी तालुक्यातल्या झरी गावात मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्याबरोबर होती. यापुढे फुकट वेठ करायची नाही, कामाची मजुरी घ्यायची, असा निर्धार तिथे झाला. ज्या मातीत हे घडलं तिथे आपण आपल्याच हाताने स्वतःला वेठीला धरू नये.

भाव कमी करायचाच असेल तर मजुरी कापू नका, वस्तू बदला. २४ ऐवजी १८ सरी करा, लोलक लहान घ्या, पितळी कडीऐवजी बांबूची घ्या. व्यापाऱ्याला वही दाखवून सांगा, "या किमतीत हा नमुना." आणि अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय दहा झुंबरांचं सामान आणू नका. उमेदच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात थेट गिऱ्हाइकाशी बोलायला मिळतं. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, त्यामुळे एक-दोन नमुने पेटीत घालून मुंबईच्या दुकानदाराला दाखवायला जाणंही अवघड नाही.

तर पुढच्या गटाच्या बैठकीत हे काम करा. एक जुनी साखळी, एक कडी आणि दहा मणी आणा. तोला, मोजा, चौपट वजन टांगून बघा. मग वहीत चार रकाने आखा : सामान, मजुरी, फूटतूट, गटाचा हिस्सा. मजुरीचा रकाना सगळ्यात आधी भरा. काही अडलं तर आमच्या पत्त्यावर लिहून पाठवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.